अनामत कोणाची? घरभाड्याच्या डिपॉझिटचा शंभर वर्षांचा इतिहास

१/
एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास उमेदवाराची अनामत जप्त होते, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. घर सोडणाऱ्या भाडेकरूची अनामत कोणत्या नियमाने कापली जाते, हे मात्र फार थोड्यांना सांगता येईल. कॉलेज रोड, इंदिरानगर किंवा पाथर्डी फाटा; नाशिकच्या कोणत्याही भागात किल्ली परत देण्याचा प्रसंग बहुधा सारखाच असतो. मालक बैठकीतील गालिच्यावरचा डाग दाखवतो, ‘आता नवा टाकावा लागेल’ म्हणतो आणि त्याची पूर्ण किंमत डिपॉझिटमधून वजा करतो. गालिचा नसेल तेथे भिंतीचा रंग, तडा गेलेली फरशी किंवा गळका नळ पुढे येतो. ही रक्कम नेमकी कोणाची आणि नुकसान सिद्ध कोणी करायचे? या प्रश्नांची उत्तरे इतिहासात दडलेली आहेत. हा धागा त्यासाठी.

२/
प्रथम शब्दाकडे पाहू. मराठीतील ‘अनामत’ हे अरबी ‘अमानत’चे रूप आहे, बोलता बोलता म आणि न यांची अदलाबदल झाली. मूळ अर्थ विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपवलेली वस्तू. ही कल्पना आपल्याकडे त्याहूनही जुनी आहे. मनुस्मृतीतील अठरा व्यवहारपदांत ऋणादानानंतर लगेच ‘निक्षेप’, म्हणजे ठेव, हे पद येते. ठेव चोरांनी नेली, पाण्यात वाहून गेली किंवा आगीत जळाली, तर ती सांभाळणाऱ्यावर भरपाईचा भार नाही, असे तेथे सांगितले आहे. एरवी ठेव मूळ धन्याला परत करायची. ठेव सांभाळणारा तिचा मालक होत नाही, हे तत्त्व या सर्व नियमांच्या मुळाशी आहे.

३/
नारदस्मृतीत तर भाडेकरूचाही विचार आहे. दुसऱ्याच्या जमिनीवर घर बांधून, भाडे देऊन जो राहिला, त्याने जाताना आपले गवत, लाकूड आणि विटा घेऊन जाव्यात, असा तिचा आशय आहे. भाडे न देता राहिलेल्याला ही मुभा नाही. भाडे दिले म्हणजे वापराचा मोबदला दिला आणि पुढचा हिशेब वेगळा, हा विचार इतका जुना आहे.

४/
आता आधुनिक कायद्याकडे वळू. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ साली झाला. मुंबई इलाख्यात तो १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला. त्याच्या कलम १०८ मधील खंड (एम) भाडेपट्टेदारावर एक कर्तव्य टाकतो: मालमत्ता ज्या स्थितीत मिळाली तितक्याच चांगल्या स्थितीत परत करावी. लगेच दोन अपवाद येतात. एक, वाजवी वापराने होणारी झीज. दुसरा, आवरता न येणारी आपत्ती. पाय पडून गालिच्याची लव बसणे किंवा उन्हाने त्याचा रंग विटणे ही झीज होय. तिचा मोबदला दरमहा भाड्यातूनच दिलेला असतो. पेटत्या इस्त्रीने पडलेले भोक मात्र नुकसान ठरते.

५/
याच काळात इंग्लंडमध्ये हा प्रश्न न्यायालयात गेला होता. ‘प्राउडफूट विरुद्ध हार्ट’ (१८९०) या खटल्यात घरमालकाने भिंतींचा नवा कागद, लाकडी कामाचा रंग, छताची सफेदी आणि जुनी जमीन काढून टाकलेली नवी जमीन, असा सर्व खर्च भाडेकरूकडे मागितला होता. घर चांगल्या दुरुस्तीत ठेवण्याचे वचन भाडेकरूने दिले होते. अपील न्यायालयाने कसोटी घातली ती अशी: घराचे वय, त्याचे स्वरूप आणि वस्ती पाहावी आणि तसे घर घेणाऱ्या समंजस माणसाला ते राहण्याजोगे वाटते का, एवढेच विचारावे. केवळ कागद जुना झाला म्हणून नव्याची किंमत भाडेकरूवर पडत नाही. जुन्या घराला नवे करून देण्याची जबाबदारी त्याची नाही.

६/
तत्त्व इतके स्पष्ट होते, तर आजचा तंटा कोठून आला? त्यासाठी पहिल्या महायुद्धाच्या काळात जावे लागेल. मुंबईत घरांची टंचाई झाली, भाडी भडकली आणि १९१८ मध्ये सरकारने भाडेनियंत्रणाचा कायदा आणला. १ जानेवारी १९१६ चे भाडे हे ‘प्रमाण भाडे’ मानले गेले. दुसऱ्या महायुद्धाने हेच चक्र पुन्हा फिरवले. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे गोठवले. तात्पुरता म्हणून केलेला हा कायदा मुदतवाढ मिळत मिळत अर्धे शतक टिकला.

७/
गोठलेल्या भाड्याला वाट मिळाली ती पगडीतून. भाडे वाढवता येत नाही, तर जागा देतानाच एकरकमी पैसा घ्यायचा, अशी रीत रुजली. १९४७ च्या कायद्याचे कलम १८ यासाठीच होते. प्रमाण भाडे आणि मान्य वाढ यांपलीकडे नजराणा, तत्सम रक्कम किंवा डिपॉझिट घेणे हा मालकासाठी तुरुंगवासाचा गुन्हा ठरला. आज प्रत्येक करारात सर्रास लिहिली जाणारी अनामत त्या कायद्याखाली गुन्ह्याच्या यादीत होती, हे लक्षात घ्यावे. परंतु पगडी थांबली नाही. ती पावतीविना चालू राहिली.

८/
त्याचा परिणाम जुन्या नाशकात आजही डोळ्यांना दिसतो. भद्रकाली आणि रविवार कारंजा परिसरातील अनेक वाड्यांत पिढ्यान् पिढ्या भाडेकरू राहत आले. हाती येणाऱ्या भाड्यात कौलेही बदलून होत नाहीत, असे मालक म्हणत. मालक दुरुस्ती टाळून आम्हाला बाहेर काढू पाहतो, असे भाडेकरू म्हणत. दोघांच्या म्हणण्यात तथ्य होते. पावसाळ्यात वाड्याची भिंत किंवा वाडा कोसळल्याच्या बातम्या येतात, त्यामागे हा साचलेला अविश्वासही असतो. त्या वाड्यांत गालिच्याचा तंटा संभवत नव्हता. जाजम आणि सतरंज्या भाडेकरूच्या स्वतःच्या असत आणि तो त्या गुंडाळून बरोबर नेई.

९/
भाडेकरू कायमचा होतो या धास्तीने मालकांनी ‘लिव्ह अँड लायसन्स’चा मार्ग धरला. यात भाडेपट्टा नसतो, केवळ वापराची परवानगी असते. त्यावरही १९७३ मध्ये घाव पडला: १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्यावर जागेत असलेल्यांना कायद्याने भाडेकरूचा दर्जा दिला. त्यानंतर मालक अधिकच सावध झाला. अकरा महिन्यांचा करार रूढ होता, कारण नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागे. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहती, ओझरचा विमान कारखाना यांनी नाशकात बाहेरगावचा नोकरदार आणला आणि त्याच्या वाट्याला हाच अकरा महिन्यांचा कागद आला. ज्या मुद्रांक कागदावर असे करार टंकले जात, तोही नाशिक रोडच्या प्रतिभूती मुद्रणालयात छापला जाई.

१०/
१९ डिसेंबर १९९७ रोजी ‘मालपे विश्वनाथ आचार्य’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, १९४० च्या पातळीवर भाडे गोठवणाऱ्या तरतुदी आता अवाजवी झाल्या आहेत. यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५६ ने नजराणा आणि डिपॉझिट घेणे वैध केले. जे कालपर्यंत गुन्हा होते ते कायदेशीर झाले. परंतु किती घ्यावे याला मर्यादा घातली नाही आणि किती दिवसांत, कोणत्या हिशेबाने परत करावे हेही सांगितले नाही. आजच्या तंट्याचे मूळ या मोकळ्या जागेत आहे.

११/
ती जागा भरून काढतो भारतीय करार अधिनियम, १८७२. त्याचे कलम ७४ सांगते की, करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी करार मोडल्यावर मिळते ती वाजवी भरपाई आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. १९६३ मध्ये ‘फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व आधीच भरलेल्या रकमेच्या जप्तीलाही लावले. घराच्या त्या व्यवहारात खरेदीदाराने २५,००० रुपये भरले होते. जप्त करता आले ते इसाऱ्याचे १,००० रुपये.

सहा वर्षांनी आलेला ‘मौला बक्ष विरुद्ध भारत सरकार’ (१९६९) हा निकाल तर भाडेकरूने पाठ करावा असा आहे. मौला बक्ष यांनी लष्कराला बटाटे, कोंबड्या, अंडी आणि मासे पुरवण्याचे दोन ठेके घेतले होते आणि १०,००० व ८,५०० रुपये अनामत भरली होती. पुरवठ्यात कसूर झाली. सरकारने ठेके रद्द करून अनामत जप्त केली. न्यायालयाने विचारले ते इतकेच: नुकसान किती झाले? बटाट्याला आणि अंड्याला बाजारभाव असतो. तोटा मोजता येत होता, मग तो सिद्ध का केला नाही? सिद्ध न झाल्याने १८,५०० रुपये व्याजासह परत करावे लागले. चूक पुरवठादाराची होती, तरीही.

१२/
आता हा इतिहास गालिच्यावर अंथरून पाहू. गालिच्यालाही बाजारभाव असतो. समजा, तो २४,००० रुपयांचा होता, साधारण आठ वर्षे टिकणारा होता आणि भोक पडले तेव्हा सहा वर्षे वापरून झाली होती. उरलेले आयुष्य दोन वर्षांचे, म्हणजे एक चतुर्थांश. मालकाचे नुकसान फार तर ६,००० रुपये. नव्या गालिच्याची पूर्ण किंमत घेतली, तर मालक नुकसानीपूर्वी होता त्याहून सुस्थितीत येतो आणि भरपाईचा हेतू तो नव्हे. असे कोष्टक कोणत्याही कलमात छापलेले नाही. ते वाजवी भरपाईच्या तत्त्वातून निघते. एक सावधगिरी हवी: कलम १०८ भाडेपट्ट्यासाठी आहे. परवाना वेगळ्या कायद्यात, भारतीय सुविधाधिकार अधिनियमात, बसतो. म्हणून लिव्ह अँड लायसन्सच्या करारात ‘नैसर्गिक झीज वगळून’ हे शब्द आहेत का, ते सहीपूर्वी पाहावे. कलम ७४ मात्र प्रत्येक कराराला लागू आहे.

१३/
मग भाडेकरू हरतो का? बहुधा मार्गाअभावी. परवान्याची मुदत संपूनही कोणी जागा सोडली नाही, तर मालकासाठी १९९९ च्या कायद्यात सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाण्याचा वेगळा, संक्षिप्त मार्ग आहे. अनामत अडकलेल्या भाडेकरूसाठी तसा मार्ग नाही. त्याने नोटीस द्यावी आणि दिवाणी न्यायालयात जावे. २०,००० रुपयांसाठी तारखा कोण मोजणार, याच हिशेबावर अवाजवी कपात चालते. मुद्रांक शुल्क आकारताना मात्र राज्य या परताव्याच्या अनामतीवर वर्षाला १० टक्के दराने व्याज गृहीत धरते. म्हणजे बिनव्याजी ठेवीचा लाभ मालकाला होतो, हे शासनाच्या हिशेबात आहे. ती ठेव वेळेवर परत देवविण्याची यंत्रणा मात्र नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये ६ एप्रिल २००७ पासून बहुतांश घरांची अनामत मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित ठेवावी लागते आणि कपातीचा वाद तेथे न्यायालयाबाहेर सोडवता येतो. आपल्या केंद्र सरकारने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला. त्यात निवासी घरासाठी अनामतीची मर्यादा दोन महिन्यांच्या भाड्याइतकी आहे आणि जागेचा ताबा घेतानाच, देणी वजा करून, ती परत करायची आहे. परंतु हा केवळ नमुना होय. राज्याने स्वीकारल्याखेरीज त्याला बळ नाही.

१४/
तोवर महाराष्ट्रातील भाडेकरूच्या हाती १९९९ च्या कायद्याचे कलम ५५ आहे आणि ते पुरेसे वाचले जात नाही. करार लेखी आणि नोंदलेला हवा; नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे; न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय असा करार नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

म्हणून पुढच्या वेळी घर घेताना करारासोबत वस्तूंची यादी करावी आणि गालिच्यापुढे ‘वापरलेला’ हा शब्द त्याच्या वर्षासह लिहून घ्यावा. पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी तारखेसह छायाचित्रे काढावीत. कपात सांगितली गेली, तर दुरुस्तीचे बिल आणि वस्तूचे वय लेखी मागावे. मौला बक्ष खटल्यात सरकारला जे विचारले गेले, तेच घरमालकाला नम्रपणे विचारावे: नुकसान किती झाले, ते दाखवा.