ठिगळांचा ‘ऑथेल्लो’

1949 सालचा उन्हाळा. मोरोक्कोच्या अटलांटिक किनाऱ्यावर मोगादोर नावाचं तटबंदीचं जुनं गाव, आज त्याला एसवेरा म्हणतात. ऑर्सन वेल्स आपली नटमंडळी आणि तंत्रज्ञ घेऊन तिथे पोचलाय. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चं शूटिंग सुरू व्हायचंय. समुद्र आहे, किल्ला आहे, कॅमेरा आहे. फक्त कपडे नाहीत. इटालियन निर्मात्याच्या तिजोरीत खडखडाट झालाय आणि व्हेनिसच्या सरदारांचे पोशाख काही येत नाहीत. इकडे माणसांच्या राहण्या-जेवण्याचा खर्च मात्र रोज चढतोय.

मग कपड्यांशिवाय शूट करता येईल असं या नाटकात काय आहे? खरं तर काहीच नाही. रॉडरिगोचा काटा काढला जातो तो प्रसंग नाटकात रात्री भर रस्त्यात घडतो. वेल्सने तो उचलला आणि हमामखान्यात नेऊन ठेवला. कलादिग्दर्शक आलेक्सांद्र त्रोनेर याने गावातल्या मासळी बाजारात न्हाणीघर उभं केलं, वाफ सोडली आणि नटांना टॉवेल गुंडाळायला दिले. रॉडरिगो फळ्यांच्या जमिनीखाली लपतो, वरून इयागो फटींतून तलवार खुपसत राहतो. शेक्सपिअरवर निघालेल्या सिनेमांतल्या सगळ्यात गाजलेल्या दृश्यांपैकी हे एक. मूळ नाटकात ते असं नाहीच.

आता याच सिनेमाची दुसरी बाजू. पात्रांचे ओठ एक हलतात आणि शब्द दुसरेच ऐकू येतात. एका वाक्यात आवाज खोलीतला वाटतो, पुढच्यात विहिरीतला. काही पात्रं बोलतात वेल्सच्याच आवाजात. नाटक माहीत नसेल तर मध्येच कोण कोणाला काय म्हणालं याचा पत्ता लागत नाही. चित्र असं उत्तम आणि आवाज असा गचाळ, हे एकाच सिनेमात का झालं? आणि नेमक्या याच नाटकाच्या बाबतीत त्याने एवढं नुकसान का केलं?

कानाची शोकांतिका

‘ओंकारा’ (2006) पाहिला असेल तर गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. व्हेनिसच्या चाकरीत असलेला काळा सेनापती ऑथेल्लो, त्याने पळवून आणून लग्न केलेली गोरी डेस्डिमोना, बढती हुकल्याने (किंवा तसं कारण सांगून) सूडाला पेटलेला इयागो, आणि एक रुमाल. विशाल भारद्वाजने त्या रुमालाचा कमरबंद केला.

या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाची नोंद सापडते ती 1604 सालची, लंडनच्या राजवाड्यातली. आणि हे नाटक मुळातच कानाचं आहे. डेस्डिमोना ऑथेल्लोच्या प्रेमात पडते ती त्याच्या लढायांच्या, प्रवासाच्या गोष्टी ऐकून. इयागो त्याचा संसार मोडतो तोही बोलूनच. तो पुरावा देत नाही. अर्धं वाक्य सोडतो, ऑथेल्लोचाच शब्द प्रश्नासारखा उलटा म्हणतो, मध्येच गप्प बसतो. ऑथेल्लो हट्ट धरतो की मला डोळ्यांनी दिसेल असा पुरावा दे. त्याला शेवटपर्यंत तसं काहीच दिसत नाही. दिसतो एक रुमाल, आणि त्या रुमालाचा अर्थही त्याला इयागोच सांगतो.

आणखी एक गोष्ट. इयागो आपल्याशी, म्हणजे प्रेक्षकांशी, थेट बोलतो. पुढची खेळी काय आहे ते स्वगतांत सांगून टाकतो. ऑथेल्लोला जे माहीत नाही ते आपल्याला माहीत असतं आणि आपण खुर्चीत गप्प बसून असतो. दोन-तीन स्वगतं झाली की आपण त्याचे भागीदार झालेलो असतो. नाटकाचा खरा चटका इथे आहे.

मराठीतही हे नाटक आलं ते शब्दांच्याच वाटेने. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी ‘ऑथेल्लो’चं भाषांतर 1867 मध्ये केलं, तेव्हा आधुनिक मराठी रंगभूमी जेमतेम पंचविशीची होती. मग 1890 मध्ये गोविंद बल्लाळ देवलांनी त्याला ‘झुंजारराव’ हे मराठी रूप दिलं आणि गणपतराव जोशींनी ती भूमिका गाजवली. ना व्हेनिस, ना सायप्रस, ना समुद्र. पडद्यावर रंगवलेला महाल आणि त्यापुढे बोलणारी माणसं, एवढ्यावर ते चाललं.

वेल्सकडे नेमकं उलटं होतं. महाल, समुद्र, तटबंदी सगळं खरं होतं. माणसांचं बोलणं तेवढं हातात राहत नव्हतं.

रिकाम्या थैलीची गोष्ट

याआधी 1947 मध्ये वेल्सने ‘मॅकबेथ’ अमेरिकेतल्या एका छोट्या स्टुडिओत जेमतेम तीन आठवड्यांत उरकला होता. ‘ऑथेल्लो’ला तीन वर्षं लागली. निर्माती संस्था बुडाली आणि वेल्सने ठरवलं की आपल्या पैशांनी सिनेमा पुरा करायचा. मग चक्र सुरू झालं: दुसऱ्यांच्या सिनेमात काम करायचं, मानधन घ्यायचं, मंडळींना तारा करून बोलवायचं, पैसे संपेपर्यंत शूट करायचं आणि सगळ्यांना घरी धाडायचं. ‘द थर्ड मॅन’मधला त्याचा अजरामर हॅरी लाइम याच काळातला. ‘द ब्लॅक रोझ’ नावाच्या सिनेमात त्याला भारी कोट मिळाला होता. त्याने हट्टाने त्याला आतून फर लावून घेतली आणि नंतर तोच कोट ऑथेल्लोच्या अंगावर चढवला, अशी गोष्ट सांगितली जाते.

इयागोच्या भूमिकेसाठी त्याने डब्लिनहून मीहॉल मॅक लिअमोर याला बोलावलं. ही निवड भावनिकही होती. 1931 मध्ये सोळा वर्षांचा वेल्स डब्लिनच्या गेट थिएटरच्या दारात जाऊन उभा राहिला होता आणि मॅक लिअमोर व हिल्टन एडवर्ड्स या दोघांनी त्याला पहिलं व्यावसायिक काम दिलं होतं. आता एडवर्ड्स डेस्डिमोनाचा बाप झाला आणि मॅक लिअमोर इयागो. मॅक लिअमोर मुरलेला नाटकवाला, कॅमेऱ्याची मात्र फारशी सवय नाही. शूटिंगच्या काळात त्याने रोजनिशी लिहिली आणि 1952 मध्ये ती छापली. नाव दिलं, ‘पुट मनी इन दाय पर्स’, म्हणजे थैलीत पैसे भर. नाटकात रॉडरिगोला लुबाडताना इयागो हा सल्ला पुन्हा पुन्हा देतो. थैली कोणाची रिकामी होती हे युनिटमधल्या प्रत्येकाला माहीत होतं.

डेस्डिमोनाही बदलत गेल्या. इटलीची लेया पाडोवानी, मग अमेरिकेची बेट्सी ब्लेअर, शेवटी कॅनडाची सुझान क्लूतिए. एखादा नट हजर नसला की दुसऱ्या कुणालातरी त्याचा झगा घालून कॅमेऱ्याकडे पाठ करून उभं करायचं. वेल्स स्वतःच सांगायचा, या सिनेमात कुणी पाठमोरं, डोक्यावर टोपडं ओढून उभं दिसलं की समजा तो बदली माणूस आहे. एखादं पात्र इटलीतल्या चर्चच्या ओसरीवरून पाऊल उचलतं आणि ते पडतं मोरोक्कोतल्या पोर्तुगीजांनी बांधलेल्या भूमिगत टाक्यात. पडद्यावर एक क्षण, प्रत्यक्षात मध्ये समुद्र आणि कित्येक महिने.

डोळ्यांचं पारडं

अशा परिस्थितीत वेल्सला एकच गोष्ट हमखास करता येत होती: तुकडा चित्रित करणं आणि तुकड्याला तुकडा जोडणं. तो ती अफाट करतो. सिनेमा सुरू होतो शेवटापासून. आकाशाच्या कडेवर काळ्या आकृत्यांची अंत्ययात्रा चाललीय. खाली इयागोला साखळदंडाने ओढत आणतात, लोखंडी पिंजऱ्यात कोंबतात आणि पिंजरा तटावर उंच टांगतात. एक शब्द नाही. पुढे गोष्ट मागे जाते, आणि तो पिंजरा रिकामा टांगलेला अधूनमधून दिसत राहतो.

ऑथेल्लोला झटका येतो तेव्हा तो जमिनीवर पडून वर पाहतो: तटावरून वाकून बघणारी माणसं आणि वर घिरट्या घालणारे पक्षी. डेस्डिमोनाच्या चेहऱ्यावर पातळ कापड ताणलं जातं आणि नाकाडोळ्यांचे उंचवटे तेवढे उरतात. सगळीकडे गज, जाळ्या, त्यांच्या सावल्या. ऑथेल्लोच्या डोक्यात जे चाललंय ते भिंतींवर उमटलेलं असतं.

पण असं सगळं दिसू लागलं की एक पंचाईत होते. ज्या नाटकात काहीही दिसत नाही म्हणून माणूस वेडा होतो, तिथे प्रेक्षकाला पहिल्या मिनिटापासून तुरुंग दिसतोय. मग इयागोने बोलून करायचं काय उरतं?

वेल्सने संहिता निर्दयपणे कापली. सिनेमा साधारण दीड तासाचा. इयागोची स्वगतं जवळजवळ गेलीच. मॅक लिअमोर आणि वेल्स यांनी आपसात ठरवलं होतं की इयागोच्या द्वेषाच्या मुळाशी नपुंसकत्व आहे, आणि ते कुठे बोलून दाखवायचं नाही. नटाला हे उपयोगी पडलं असेल. आपल्या वाट्याला मात्र एक थंड, सुकलेला, पुटपुटणारा माणूस येतो आणि तो आपल्याकडे कधी वळून बघत नाही. भागीदारी संपली. आपण नुसते बघे उरलो. ऑथेल्लोही विश्वासाकडून संशयाकडे इतक्या झपाट्याने पोचतो की त्याची कीव येण्याआधी नवल वाटतं.

एक जागा याला अपवाद आहे आणि तीच सिनेमातली सर्वोत्तम आहे. मोगादोरच्या तटावरून ऑथेल्लो आणि इयागो चालतायत. कॅमेरा त्यांच्याबरोबर सरकतोय, मध्ये न कापता बराच वेळ. खाली लाटा, वर वारा. इयागो शब्द पेरतो, ऑथेल्लो थबकतो, पुन्हा चालतो. संशय कानातून आत शिरताना आपण प्रत्यक्ष ऐकतो. इथे वेल्सला वेळ मिळाला, दोन नट एकाच वेळी एका जागी मिळाले, आणि नाटक एकदम जिवंत झालं.

चेहऱ्यावरचा काळा रंग

दुसरी उणीव पैशांमुळे आलेली नाही. ऑथेल्लो झालेला वेल्स तोंडाला रंग फासून काळा झालाय. ‘त्या काळी असंच असायचं’ हे उत्तर पुरत नाही. आयरा ऑल्ड्रिज या कृष्णवर्णीय नटाने 1833 मध्येच लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये ऑथेल्लो केला होता. पॉल रोबसनने 1930 मध्ये लंडनला आणि 1943 पासून ब्रॉडवेवर ही भूमिका केली. ब्रॉडवेचे 296 प्रयोग झाले. वेल्सला हे माहीत नसणं शक्यच नव्हतं. खुद्द त्यानेच वयाच्या विसाव्या वर्षी, 1936 मध्ये, न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये सगळे नट कृष्णवर्णीय घेऊन ‘मॅकबेथ’ बसवला होता. पण ही मोठी भूमिका त्याला स्वतःला हवी होती. परिणाम सिनेमात दिसतो. परक्यांच्या शहरात गरजेपुरता मान मिळालेला एकटा काळा माणूस, हा धागा जवळजवळ पुसला जातो. तो माणूस इयागोवर इतक्या पटकन विश्वास का ठेवतो, याचं निम्मं उत्तर त्याच धाग्यात होतं.

डागडुजी कोणी करायची?

1952 च्या कान महोत्सवात ‘ऑथेल्लो’ला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, रेनातो कास्तेल्लानीच्या इटालियन सिनेमाबरोबर विभागून. सिनेमा मोरोक्कोच्या नावावर दाखल झाला होता. मोरोक्कोचं राष्ट्रगीत कोणतं, असं विचारायला आयोजक आले तेव्हाच आपण जिंकल्याचं कळलं, हा किस्सा वेल्स रंगवून सांगायचा. अमेरिकेत सिनेमा लागला 1955 मध्ये, तोही वेल्सने फेरफार केलेल्या रूपात. त्यात क्लूतिएच्या तोंडी गुद्रुन युअर या दुसऱ्याच नटीचा आवाज आहे. म्हणजे ‘खरा’ ऑथेल्लो कोणता, हा प्रश्न दिग्दर्शक हयात असतानाच उभा राहिला होता.

वेल्स 1985 मध्ये गेला. 1992 मध्ये त्याच्या मुलीच्या देखरेखीखाली सिनेमाची दुरुस्ती झाली आणि तो पुन्हा थिएटरांत आला. चित्र स्वच्छ केलं हे ठीकच. पण आवाजही नव्याने घडवला गेला. संगीत कानाने ऐकून उतरवून घेतलं आणि नव्या वादकांकडून वाजवून घेतलं, ध्वनी नवे केले, संवाद ओठांशी जुळवले. प्रेक्षक खूश झाले. अभ्यासकांनी मात्र हरकत घेतली: तुम्ही दुरुस्त करताय ते वेल्सचं काम की त्याची गरिबी? आणि या दोन्ही गोष्टी वेगळ्या काढता येतात हे कोणी ठरवलं?

हरकत रास्त आहे असं मला वाटतं. वाईट आवाजाचं कौतुक करायचं कारण नाही; तो वाईटच आहे. पण हमामखाना ज्या रिकाम्या थैलीतून आला, त्याच थैलीतून तो आवाजही आला. हमामखाना प्रतिभा म्हणून ठेवायचा आणि आवाज अपघात म्हणून पुसायचा, हा हिशोब सोयीचा आहे. जुना वाडा पाडून त्याच जागी हुबेहूब नवा बांधला की पाहुण्यांना तो आवडतो. तिथे राहिलेल्या माणसांचं काय झालं ते मात्र मग कळत नाही.

2017 मध्ये 1952 आणि 1955 ची दोन्ही रूपं एकत्र प्रसिद्ध झाली, त्यामुळे आता निवड आपल्या हातात आहे. पाहणार असाल तर 1952 चा पाहा, हेडफोन लावून. आवाज तुटेल तिथे थांबून पुन्हा ऐका. कापलेली स्वगतं नंतर नाटकात वाचा. अर्धा तास पुरतो.

1978 मध्ये वेल्सने ‘फिल्मिंग ऑथेल्लो’ हा माहितीपट केला. त्याने पुरा केलेला हा शेवटचा मोठा सिनेमा. त्यात तो बराच वेळ मॅक लिअमोर आणि एडवर्ड्सबरोबर टेबलाशी बसून नाटकाबद्दल गप्पा मारतो. ना तटबंदी, ना पिंजरा. तीन म्हातारी माणसं, त्यांचे आवाज आणि ते नाटक. शेवटी तो कबूल करतो की मागे वळून या सिनेमाबद्दल बोलण्यापेक्षा तो अजून करायचा बाकी असता तर बरं झालं असतं. या वेळी त्याचा शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू येतो.