पडद्यासमोरचा विद्यार्थी

ग्रामीण भारतातील शाळकरी मुलांपुढे पडदा मोठ्या प्रमाणावर प्रथम आला तो ऑगस्ट १९७५ मध्ये. ‘साइट’ या उपग्रह-दूरचित्रवाणी प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत वर्षभर कार्यक्रम दाखविण्यात आले. सकाळची वेळ शाळांसाठी राखलेली होती. १९८४ मध्ये ‘क्लास’ योजनेतून सुमारे २५० शाळांना बीबीसी मायक्रो संगणक देण्याचे काम सुरू झाले. दोन्ही वेळी यंत्र विद्यार्थ्यांना नवखे होते आणि त्याची ओळख करून देण्याचा मान शाळेकडे होता.

पुढील पिढीत हा क्रम उलटला. १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजी भागात सुगत मित्रा यांनी भिंतीत संगणक बसविला आणि शेजारच्या वस्तीतील मुले कोणी न शिकविता तो हाताळू लागली. २००१ मध्ये अमेरिकन लेखक मार्क प्रेन्स्की यांनी या नव्या पिढीला ‘डिजिटल नेटिव्ह’, म्हणजे डिजिटल जगाचे मूळ रहिवासी, असे नाव दिले. शिक्षक मात्र त्यांच्या मते त्या जगातील स्थलांतरित ठरले. २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि भारतातील अनेक घरांत हे वर्णन पटू लागले.

तथापि ते पूर्ण सत्य नव्हते. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातील अभ्यासकांनी उपलब्ध पुराव्यांची छाननी करून, या पिढीतील विद्यार्थ्यांच्या तांत्रिक कौशल्यांतही मोठी तफावत असल्याचे दाखविले. मित्रा यांच्या पुढील प्रयोगांतही, विषय न जाणणारी पण आपुलकीने प्रश्न विचारणारी मोठी व्यक्ती सोबत असता मुलांची प्रगती वाढली. यंत्र चालविता येणे आणि त्यावरील मजकूर पारखता येणे या दोन भिन्न विद्या आहेत.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा हा भेद घरोघरी जाणवला. त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. पाठ्यपुस्तकांना त्यांनी जोडलेल्या क्यूआर कोडची चर्चा सर्वत्र झाली. मात्र त्याआधीची पायरी अधिक महत्त्वाची होती: मुलांची मातृभाषा कन्नड असल्याचे ओळखून त्यांनी पाठ त्या भाषेत आणले. आधी मूल समजून घेतले, मग यंत्र वापरले.

मराठी शाळांसाठी, विशेषतः महाराष्ट्राबाहेरच्या शाळांसाठी, यात मोठा बोध आहे. देवनागरी लिपी १९९१ पासून युनिकोडमध्ये आहे. तरीही अनेक मराठी मुले आपले संदेश रोमन अक्षरांत लिहितात. अडचण आता यंत्राची नाही, सवयीची आहे. माहिती शोधून देण्याचे काम पडद्याने शाळेकडून घेतले. ती तपासण्याची आणि स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या लिपीत मांडण्याची सवय लावण्याचे काम मात्र आजही शिक्षकांचे आणि पालकांचे आहे.