तुकोबांचे समुद्रोल्लंघन

ब्राझील हा देश आपल्यापासून सर्व अर्थांनी दूरचा. त्याची भाषा पोर्तुगीज. गोमंतकाच्या इतिहासामुळे ती आपल्या कानांवरून गेलेली आहे, इतकाच काय तो संबंध. तथापि त्या देशाच्या चित्रपटांचे उत्सव पॅरिस, मायामी अशा परक्या शहरांतून भरत आले आहेत हे वाचून आम्हांस सहजच प्रश्न पडला, की आपल्या मराठी चित्रपटाने समुद्र ओलांडला तो केव्हा, कोणाच्या भेटीस, आणि तेथे त्याची ओळख पटली ती कशाच्या बळावर? हाच प्रश्न मूर्तिजापुरात आमच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने निराळ्या शब्दांत विचारला होता. ‘संत तुकाराम’ या बोलपटाचा व्हेनिस येथे गौरव झाला, असे आम्ही सांगत होतो. तोच मागील बाकावरून आवाज आला, “सर, पन त्या इटलीतल्या लोकायले त्यातलं काय समजलं असन?” वर्ग हसला. आम्हीही हसलो, पण तास संपेपर्यंत समाधानकारक उत्तर काही सुचेना. पुढील विवेचन हे त्या राहून गेलेल्या उत्तराचेच रूप होय.

या प्रवासाचा आरंभ अर्थातच दादासाहेब फाळके यांच्यापासून करावा लागतो. १९१२ साली ते लंडनला गेले ते चित्रपटाची विद्या आणि यंत्रे आणण्यासाठी. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. १९१४ साली तेच फाळके आपली चित्रे बरोबर घेऊन पुन्हा लंडनला गेले. शिष्य म्हणून गेलेला मनुष्य दोनच वर्षांनी स्वतःची कृती दाखवावयास त्याच नगरीत उभा राहिला! तेथे त्यांच्या चित्रांचे कौतुक झाले; तेथेच राहून काम करण्याविषयी विचारणाही झाली. ती नाकारून ते नाशिकास परतले. चित्रे मूक असल्यामुळे भाषेचा अडसर नव्हता, हे खरे. परंतु बोलपट आला, आणि मराठी चित्रपटाच्या तोंडी मराठी भाषा आली, तेव्हा परदेशगमनाची वाट पूर्वीइतकी सोपी राहिली नाही.

म्हणूनच ‘संत तुकारामा’चे महत्त्व विशेष. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरास स्थापन झाली आणि १९३३ साली पुण्यास आली. तिच्या विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल या दोन भागीदारांनी दिग्दर्शित केलेला हा बोलपट १९३६ च्या डिसेंबरात मुंबईत लागला आणि एकाच चित्रगृहात वर्षाहून अधिक काळ चालला. तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस, जिजाईच्या भूमिकेत गौरी; कथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचे. शांताराम आठवल्यांनी रचलेले एक पद तर इतके एकजीव झाले, की पुष्कळ लोक ते तुकोबांचेच समजून चालले. असा हा सर्वस्वी देहूच्या मातीचा बोलपट १९३७ साली व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय चित्रप्रदर्शनात गेला आणि तेथे गौरवास पात्र ठरला.

येथे इतिहासाने एक विलक्षण विनोद केला आहे. त्या काळी त्या प्रदर्शनातील सर्वोच्च करंडक मुसोलिनीच्या नावाने दिला जात असे. एका सर्वसत्ताधीशाच्या नावाखाली भरलेल्या त्या मेळ्यात, शिवछत्रपतींसारख्या पुण्यश्लोक राजाने पाठविलेले अलंकारही विनम्रपणे परत करणाऱ्या वाण्याची कथा पडद्यावर आली! प्रेक्षकांपैकी कितीजणांच्या मनात ही विसंगती चमकून गेली असेल ते कोण सांगणार? पण ती आज आपल्या ध्यानात यावी, हे मात्र योग्य आहे.

आता, इटलीतल्या लोकांना काय समजले? अभंगाची गोडी समजली नसेल, वारीचा अर्थही समजला नसेल. परंतु भुकेल्या मुलांकडे पाहून नवऱ्यावर आणि देवावर सारख्याच त्वेषाने तुटून पडणारी जिजाई, विठोबावर वहाण उगारणारी जिजाई, ही कोणत्या देशातील गरीब घरात नाही? दुसऱ्याचे अभंग आपल्या नावावर खपविणारा सालोमालो कोणत्या गावात नाही? दामले-फत्तेलालांनी हा बोलपट व्हेनिसकरिता काढला नव्हता. ज्याच्या घरी गाथा आहे आणि ज्याला गाथा वाचता येत नाही, अशा दोघांकरिता काढला होता. आपल्या माणसाला फसवायचे नाही, या निश्चयाने केलेली कृती परक्यालाही खरी वाटते.

या विधानास ब्राझीलनेच एक पुरावा दिला आहे. १९६२ साली कान येथील महोत्सवात अन्सेल्मो दुआर्ते यांच्या ज्या चित्रपटास सर्वोच्च पारितोषिक मिळाले, त्याच्या नावाचा अर्थ ‘नवस फेडणारा’ असा होतो. एक खेडूत आपले गाढव वाचावे म्हणून नवस बोलतो, तो फेडण्यासाठी खांद्यावर क्रूस घेऊन दूरच्या चर्चपर्यंत पायी येतो. आणि नवस आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या उपासनास्थळी बोललेला, म्हणून धर्मगुरू त्याला दाराशीच अडवतो. हा खेडूत आणि देहूचा वाणी एकमेकांना क्षणात ओळखतील! दोघांचीही भक्ती भोळी आणि दोघांच्याही वाटेत शास्त्राचा पहारेकरी उभा. आमच्या वऱ्हाडातील वाचकाला मात्र येथे तिसरा एक माणूस आठवेल. मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाच्या घरी गुरे राखीत वाढलेले गाडगेबाबा तुकोबांचेच अभंग कीर्तनात घोळवीत. पण नवसापायी कर्ज काढणाऱ्याला आणि मुके जनावर कापणाऱ्याला तितक्याच रोखठोकपणे जाब विचारीत. ब्राझीलचा तो खेडूत त्यांच्या कीर्तनाला येऊन बसता, तर त्यांनी त्याला प्रथम पोटाशी धरले असते आणि मग प्रश्न विचारले असते. परक्या देशाचा चित्रपट पाहण्याचा खरा लाभ हाच, की त्याच्या उजेडात आपले घर नव्याने दिसते.

अलीकडे या प्रवासास दोन वाटा फुटल्या आहेत. पहिली परक्यांच्या परीक्षेची. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ने २०१४ साली व्हेनिस येथेच ‘ओरिझोंती’ विभागाचे सर्वश्रेष्ठ पारितोषिक मिळविले. त्यातील लोकशाहीर साकारले ते नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी. २०२५ साली रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात गौरविला गेला. दुसरी वाट माहेरच्या ओढीची. २०२४ च्या जुलैत कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे ‘नाफा’ या संस्थेने मराठी चित्रपटांचा उत्सव भरविला. त्यास लोटले ते मुख्यतः तेथे वसलेले मराठी कुटुंबीय.

या दुसऱ्या वाटेस आम्ही हीन लेखीत नाही. परदेशी जन्मलेल्या नातवाने आजीच्या भाषेत हसावे, हे काही लहान काम नव्हे. परंतु माहेरी झालेले कौतुक ही परीक्षेची गुणपत्रिका नव्हे. आपल्याच माणसांनी परदेशी दालनात टाळ्या वाजविल्या म्हणजे जग जिंकले, असा भ्रम आपल्या समाजास लवकर होतो. म्हणून आमची एवढीच सूचना, की अशा उत्सवात प्रत्येक मराठी कुटुंबाने शेजारचे एक परके कुटुंब बरोबर आणावे, आणि नव्या चित्रपटांच्या जोडीला एखादा जुनाही दाखवावा. राजदत्त यांनी १९७७ साली गाडगेबाबांवर काढलेला ‘देवकीनंदन गोपाळा’ त्यास शोभेल. डॉ. श्रीराम लागूंच्या हातातील तो खराटा पाहून परक्यास भाषांतराची फारशी गरज पडणार नाही.

त्या विद्यार्थ्यास आम्ही आता सांगू: बाबा रे, इटलीतल्या लोकांना भाषा समजली नसेल, माणूस समजला असेल. आणि तुला जर उद्या चित्र काढावयाचे झाले, तर व्हेनिसकडे पाहून काढू नकोस. दापुऱ्याकडे पाहून काढ.