दोन खोल्यांमधला समुद्र

आपल्या मंडळात स्वतःचा छोटा व्यवसाय करणारे सभासद आता बरेच झाले आहेत. कुणाची टॅक्सची कामे, कुणाची कॉम्प्युटरची, माझी इमारतींच्या नकाशांची. व्याप वाढला की प्रश्न एकच: इथे माणूस ठेवायचा की काम भारतात पाठवायचे? माझे ऑफिस तिघांचे; ड्रॉइंगचा बराच भाग पुण्यात दोघे जण करतात. "फोनवरून कसं काय जमतं हो?" असे कुणी विचारले, की मी नरेंद्र पटनी यांच्या घरातली गोष्ट सांगतो.

पटनी एम.आय.टी.चे विद्यार्थी. पुढे त्यांनी जे फॉरेस्टर यांच्याबरोबर कामही केले. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत छापील मजकूर कॉम्प्युटरमध्ये भरण्याची गरज वाढत होती आणि ते टायपिंग इथे महाग पडत होते. भारतात ते स्वस्तात होईल, एवढे कुणालाही कळले असते. पण हजारो मैलांवरच्या माणसाला काम समजावायचे कसे? त्या काळी भारतात फोन लावायचा म्हणजे ट्रंक कॉल नोंदवून वाट पाहत बसणे, हे आपल्यातल्या जुन्या मंडळींना सांगायला नको.

नरेंद्र आणि त्यांच्या पत्नी पूनम यांनी केंब्रिजमधल्या आपल्या अपार्टमेंटमध्येच त्याची परीक्षा घेतली. एक खोली झाली अमेरिका, दुसरी भारत. नियम असा, की दोन्ही खोल्यांनी एकमेकींशी तोंडाने बोलायचे नाही. सांगायचे ते लिहूनच. एकाच घरात राहून न बोलणे किती अवघड, हे कोणतेही जोडपे सांगेल! पण या नियमात सगळे मर्म होते. जे काम नीट लिहून सांगता आले ते समुद्रापलीकडे जाऊ शकत होते.

मग पुण्यात फ्लेक्सोरायटर बसले. हे विजेवर चालणारे टाइपरायटर. अक्षर दाबले की कागदी पट्टीवर त्याची भोके पडत. पट्ट्या विमानाने अमेरिकेत येत आणि इथे त्यांतला मजकूर चुंबकीय टेपवर चढवला जाई. कंपन्यांच्या इतिहासात मालकांची नावे येतात. त्या यंत्रांपुढे बसून परक्या देशाची कागदपत्रे अक्षर न् अक्षर उतरवणाऱ्यांची येत नाहीत. माझ्या मते या धंद्याचे खरे संस्थापक तेही.

मी आजही तोच नियम पाळतो. दरवाजा कुठल्या बाजूला उघडतो, माप कोणत्या भिंतीपासून घ्यायचे, सगळे कागदावर. ई-मेल आणि व्हिडिओ कॉल आले तरी लिहिण्याचा कंटाळा करणाऱ्याचे काम परत परत येते. आणि जे लिहिता येत नाही, उदाहरणार्थ शंभर वर्षांच्या घराचा वाकडा जिना, ते पाठवण्याच्या भानगडीत मी पडत नाही.

असो. 1978 मध्ये पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्स उभी राहिली. तिच्या मुंबईतल्या सॉफ्टवेअर विभागाचे प्रमुख होते नारायण मूर्ती. 1981 मध्ये ते आणि सहा सहकारी बाहेर पडले आणि त्यांनी पुण्यात इन्फोसिस काढली. भांडवल दहा हजार रुपये, तेही सुधाताईंनी साठवलेले. टेलिफोन मिळायला वर्ष गेले, कॉम्प्युटर आयात करायच्या परवान्याला त्याहून जास्त. त्यामुळे सुरुवातीला सूचनांनी समुद्र ओलांडण्याऐवजी माणसांनाच ओलांडावा लागला. सहकारी न्यूयॉर्कच्या ग्राहकाकडे येऊन काम करू लागले. त्याच वाटेने पुढे आपल्यापैकी कितीतरी घरे इथे आली. 1985 मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळूरला केंद्र काढले आणि उपग्रहामार्फत काम पाठवायला सुरुवात केली, तेव्हा कुठे माणसाला घरी बसून परदेशाचे काम करण्याची सोय दिसू लागली.

पटनी कंपनी 2011 मध्ये आयगेटने घेतली. 2015 मध्ये आयगेटही कॅपजेमिनीत गेली. इन्फोसिस मात्र तोवर मूळ घरापेक्षा कितीतरी मोठी झाली होती. शिकवलेला माणूस निघून गेला म्हणून हळहळणारे व्यावसायिक मला भेटतात. पण लिहून काम शिकवले, की ते समोरच्याचेही होते, आणि व्हायलाच हवे. माझ्या पुण्याच्या दोघांपैकी एकाने नुकतेच स्वतःचे ऑफिस थाटले, दोन मुली कामाला ठेवल्या आणि मला नवा दर कळवला. काम अजून त्याच्याकडेच जाते, नव्या दराने.