मंत्र्यांची भाषा आणि परक्यांची जीभ

परकी भाषा शिकणाऱ्यास व्याकरणाहून अधिक छळते ती लाज. पुस्तकांत ओळखीचा वाटलेला शब्द माणूस समोर आला कीं ओठांशीं अडतो. चिनी भाषेंत ही अडचण दुणावते. कारण तेथें सूर बदलला कीं अर्थ बदलतो. आजच्या पेकिंगी उच्चारांत 'मा' हा ध्वनि उंच व सपाट सुरांत काढला तर आई, खालीं दाबून उचलला तर घोडा, आणि झटक्यानें उतरविला तर रागें भरणें! अशा भाषेंत तोंड उघडण्यास धैर्यच लागतें.

चीनमधील अधिकारीवर्गाच्या या भाषेस युरोपीय लोकांनीं 'मंदारिन' हें नांव दिलें. त्याचें मूळ आपल्या 'मंत्री' शब्दांत आहे. संस्कृतांतून तो मलायी भाषेंत गेला व तेथून पोर्तुगीजांच्या तोंडीं बसला.

१५७८ सालीं मिकेले रुज्जेरी व मातेओ रिच्ची हे दोन इटालियन जेसुइट पाद्री गोव्यास उतरले. पुढील वर्षीं रुज्जेरीची रवानगी मकाव बंदरीं झाली. तेथील पोर्तुगीज वस्तीचा व्यवहार दुभाष्यांवर चाले. चिनी भाषा स्वतः शिकावी, अशी रुज्जेरीस वरिष्ठ वालिन्यानो याची आज्ञा होती. त्याचें वय तेव्हां ३६ वर्षांचें. सोबत्यांना हा खटाटोप व्यर्थ वाटे. दोन्ही भाषा जाणणारा शिक्षक मिळेना. मिळाला तो एक चिनी चित्रकार. तो घोडा काढी, त्यावर अक्षर लिही आणि 'मा' म्हणे. चित्रानें अर्थ कळला, शाईनें अक्षर कळलें. सूर मात्र कानानेंच टिपावयाचा होता.

१५८२ सालीं २९ वर्षांचा रिच्ची गोव्याहून मकावला आला, व पुढील वर्षीं दोघे चाओछिंग शहरीं राहावयास गेले. सभोंवार सारे चिनी. आतां गप्प बसून भागणें शक्य नव्हतें. दोघांनीं पोर्तुगीज-चिनी शब्दकोश रचण्यास घेतला. चिनी उच्चार रोमन लिपींत मांडले, परंतु सुराची खूण नाहीं आणि 'प' व 'फ' यांतील महाप्राणाचा भेदही नाहीं. त्या हस्तलिखिताचा शोध रोम येथें १९३४ सालीं लागला.

१५८५ पर्यंत रिच्ची दुभाष्यावांचून बोलूं लागला. रुज्जेरीची जीभ मात्र वळली नाहीं. त्याचा उच्चार चांगला नाहीं, असा वालिन्यानोनेंच शेरा दिला, आणि १५८८ सालीं तो युरोपास परत गेला. चीनचें दर्शन त्यास पुन्हां घडलें नाहीं.

त्याच्या कोशांतील उणीव दहा वर्षांनीं भरून निघाली. १५९८ सालीं रिच्ची व त्याचे सोबती पेकिंगहून जलमार्गानें परतत होते. त्यांत लाझ्झारो कात्तानेओ हा संगीत जाणणारा पाद्री होता. त्याच्या कानानें त्या काळच्या दरबारी भाषेंतील पांच सूर वेगळे केले, महाप्राणही हेरले, आणि प्रत्येकास खूण ठरविली. यापुढें सर्वांनीं याच खुणा वापराव्या, असा रिच्चीनें नियम घातला. १६२६ सालीं निकोला त्रिगो यानें हांगचौ येथें छापलेल्या ग्रंथांतही सुरांच्या खुणा होत्या. एकाच्या कानाला उमगलेलें आतां दुसऱ्याच्या डोळ्यांना दिसूं लागलें.

महाराष्ट्रांतील विद्यार्थ्याच्या दृष्टीनें यांत एक बोध आहे. ज्या महाप्राणानें इटालियन पंडितांस चकविलें, तो मराठी मुलास 'पळ' आणि 'फळ' म्हणतांनाच साधलेला असतो. 'चमचा' शब्दांतील दंत्य 'च'ही चिनी उच्चारास जवळचा आहे. राहिला तो सूर; तो ऐकून, म्हणून व चुकून येतो. रुज्जेरीच्या बोलण्यास कोणीं शाबासकी दिली नाहीं. तरी चाओछिंगचें दार प्रथम उघडलें तें त्याच अडखळत्या जिभेनें. हसें होईल म्हणून तो मकावांतच मुका राहिला असता, तर रिच्चीस पुढें जावयास वाट कोठली?