परक्या वाटेवरून आपलं ऑफिस

आईवडिलांना भेटायला पुण्याला जायचं आणि रात्री जेवणं उरकल्यावर लॅपटॉप उघडून इथल्या ऑफिसचं काम करायचं, हे तुमच्यापैकी अनेकांनी केलं असेल. दोन आठवड्यांची रजा त्यामुळे चार आठवडे पुरते, वडिलांच्या ऑपरेशननंतर थोडं जास्त राहता येतं. ज्या व्हीपीएनमुळे हे जमतं त्याचा इतिहास तुमच्या मुलांपेक्षा फारसा जुना नाही.

त्याआधी दोन शाखा जोडायच्या तर टेलिफोन कंपनीकडून स्वतंत्र लाइन भाड्याने घ्यावी लागे. घरून काम करणारा मोडेमने थेट ऑफिसला फोन लावी. परदेशातून लावला तर बिल बघवत नसे! इंटरनेट स्वस्त होतं, पण ती चावडी. तिथे बोललेलं वाटेतल्या कोणालाही ऐकू जाणार. मग याच सार्वजनिक वाटेवरून निरोप सांकेतिक रूपात गुंडाळून पाठवायचा, असा विचार पुढे आला. १९९६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टमधल्या गुरदीप सिंग पाल आणि सहकाऱ्यांनी घडवलेली पीपीटीपी ही पद्धत विंडोजबरोबर घरोघरी गेली. १९९८ मध्ये ब्रूस श्नायर आणि ‘मज’ या टोपणनावाच्या जाणकाराने मायक्रोसॉफ्टच्या त्या बांधणीतल्या त्रुटी चव्हाट्यावर मांडल्या.

त्या काळी अमेरिकेत भक्कम सांकेतिक लिपीच्या निर्यातीवर निर्बंध होते. त्यामुळे जॉन गिलमोर यांनी सुरू केलेल्या फ्रीस्वान प्रकल्पाचं काम कॅनडात चाले आणि अमेरिकी नागरिकांनी लिहिलेला कोड तिथे घेत नसत. स्वतः गिलमोर अमेरिकी! कायद्याने गणिताला पासपोर्ट मागितला की असंच होतं.

मला सर्वांत जवळची वाटते ती जेम्स योनान यांची गोष्ट. २००१ मध्ये ते मध्य आशियात फिरत असताना तिथल्या आणि रशियातल्या इंटरनेट कंपन्यांमार्फत आपल्या ऑफिसला जोडले जात. वाटेत कोण कान लावून बसलंय, याची खात्री नव्हती. त्या काळजीतून ओपनव्हीपीएन जन्माला आलं. मध्य आशियाच्या जागी पुण्यातल्या मामांकडचं वायफाय ठेवा, प्रश्न तोच राहतो.

पुढे जेसन डोनेनफेल्ड यांनी वायरगार्ड लिहिलं, अवघ्या काही हजार ओळींचं, म्हणजे एका माणसाला नीट वाचून तपासता येईल असं. ते लिनक्सच्या गाभ्यात आलं २९ मार्च २०२० रोजी. भारतात टाळेबंदी लागून तेव्हा चार दिवस झाले होते आणि जगभरची ऑफिसं स्वयंपाकघराच्या टेबलावर आली होती.

तुमचं स्वतःचं छोटं ऑफिस असेल, तर वायरगार्डचा सर्व्हर एका शनिवारात उभा राहतो. प्रत्येक लॅपटॉपला दोन किल्ल्या असतात: उघडी किल्ली सर्व्हरवर नोंदवायची, गुप्त किल्ली लॅपटॉपबाहेर जाऊ द्यायची नाही, ईमेलने तर मुळीच नाही. प्रत्येकाला वेगळी जोडी द्या. म्हणजे मुंबई विमानतळावर एखादा लॅपटॉप हरवला तर सर्व्हरवरून त्याची एक नोंद खोडली की पुरे, बाकीच्यांचं काम चालू राहतं. आणि सगळं निघण्याआधीच, फोनच्या हॉटस्पॉटवरून जोडून पाहा.