गंजलेला बोल्ट आणि आतल्या आत फिरणारा नट

प्रवरेच्या काठी वसलेले कोल्हार हे नगर-मनमाड महामार्गावरील सदैव वर्दळीचे गाव. शिर्डीहून शनिशिंगणापूरकडे निघालेल्या भाविकांच्या मोटारी, मालट्रक आणि गळीत हंगामातील उसाचे ट्रॅक्टर याच गावातून वाट काढतात. हा टापू तसा पर्जन्यछायेचा. परंतु १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाच्या पाण्याने येथे बागायत फुलली आणि १९५०-५१ च्या हंगामापासून शेजारच्या लोणी परिसरात सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. पाटाच्या पाण्याने भिजलेली काळी माती शेतरस्त्यांवरून वाहनांच्या पोटाला चिकटते आणि दिवसेंदिवस ओल धरून ठेवते. त्यामुळे समुद्रापासून दूर असूनही वाहनांच्या तळाला येथे गंज चढतो. या गंजाचा सर्वांत त्रासदायक आविष्कार म्हणजे सस्पेन्शनचा जाम झालेला बोल्ट. त्याचा नट आतल्या आत फिरू लागला, तर अर्ध्या तासाचे काम दोन दिवसांवर जाते.

हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. लोअर आर्मचा बोल्ट चाकाला त्याच्या जागी धरून ठेवतो. तो अर्धवट सुटलेल्या किंवा जेमतेम आवळलेल्या अवस्थेत ठेवून वाहन रस्त्यावर आणणे म्हणजे स्वतःच्या आणि इतरांच्या जीवाशी खेळणे होय. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षे वैध असते आणि पुढील नूतनीकरणासाठी वाहन सुस्थितीत असावे लागते. जुन्या गाडीचे बुश बदलायला काढले की हा दोष हमखास डोके वर काढतो.

दोष नेमका कोठे?

अनेक मोटारींत लोअर आर्मचा बोल्ट ज्या नटात बसतो, तो नट चेचीसच्या किंवा सबफ्रेमच्या पोकळ पेटीत आतून वेल्ड केलेला असतो. कारखान्यात जोडणी करताना एकाच बाजूने पाना लावून काम भागावे, हा त्यामागील हेतू. मात्र हे वेल्डिंग थोड्याच ठिपक्यांचे असते आणि पेटीत शिरलेले पाणी सहजासहजी वाळत नाही. दुसरीकडे बोल्टचा दांडा रबरी बुशच्या मधल्या लोखंडी नळीतून जातो. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. साहजिकच नळी आणि दांडा यांमधील बारीक फट गंजाने गच्च भरते. अशा बोल्टवर जोर लावला, की तो जोर सर्वांत दुबळ्या दुव्यावर, म्हणजे वेल्डिंगच्या ठिपक्यांवर येतो आणि नट तुटून मोकळा फिरू लागतो.

आधी निदान, मग पाना

बोल्टचे डोके थोडे फिरून स्प्रिंगसारखे मागे येत असेल, तर दांडा नळीला चिकटला असून बुशचे रबर पिळले जात आहे, असे समजावे. डोके मोकळे फिरते पण बोल्ट बाहेर येत नाही, अशा वेळी शक्यता तीन. बोल्टचे दुसरे टोक दिसत असल्यास त्यावर खडूने खूण करावी. डोके फिरूनही टोक स्थिर राहिले, तर बोल्ट मध्येच तुटला आहे. टोकही फिरत असेल, तर एकतर नट सुटला आहे किंवा आटे गेले आहेत. डोक्याखाली टॉमी घालून बाहेर ओढ दिल्यावर बोल्ट हळूहळू सरकू लागला, तर आटे गेलेले असतात. तो अजिबात सरकत नसेल आणि पेटीतून खरखर ऐकू येत असेल, तर नट फिरतो आहे. या निदानाशिवाय जोर लावत राहणे म्हणजे एका दोषाचे दोन दोष करून घेणे.

सुरक्षेची पथ्ये

वाहन केवळ जॅकवर ठेवून त्याखाली कदापि जाऊ नये. सपाट, पक्क्या जमिनीवर चाकांना अटकाव लावून भक्कम घोड्यांवरच गाडी टेकवावी. आर्म सुटताच स्प्रिंगचा ताण उसळी घेऊ शकतो, म्हणून त्याखाली वेगळा आधार द्यावा. गॅसची ज्योत किंवा वेल्डिंग वापरण्यापूर्वी बॅटरीचे जोड काढावेत. पेट्रोलची टाकी व नळ्या, ब्रेकचे होज आणि सीएनजीची जोडणी यांच्याजवळ ज्योत नेऊ नये. हायब्रीड व विजेवरील गाड्यांत नारिंगी वेष्टणाच्या तारांतून उच्च दाबाची वीज वाहते. अशा गाडीचे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाकडेच सोपवावे. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केल्यास विषारी धूर निघतो, तेव्हा जागा हवेशीर असावी.

नट शाबूत असेल तेव्हा

तारेच्या ब्रशने आटे स्वच्छ करून गंज सोडवणारे तेल दोन्ही बाजूंनी सोडावे आणि शक्य तर रात्रभर मुरू द्यावे. ग्रामीण गॅरेजमध्ये डिझेल वा रॉकेल वापरण्याची रीत आहे. त्याचा थोडाफार उपयोग होतो, परंतु नंतर त्या जागी ज्योत लावणे धोक्याचे ठरते. यानंतर सहा पैलूंची घट्ट बसणारी गोटी लावून बोल्ट प्रथम किंचित आवळण्याच्या दिशेने हलवावा, मग सोडण्याच्या. पाव फेरा पुढे, अर्धा फेरा मागे, पुन्हा तेल, असा क्रम ठेवावा. हवेवरची गन आरंभीच पूर्ण जोराने चालवू नये. वेल्डिंगचे ठिपके बहुधा तिच्याच हादऱ्यांनी तुटतात.

उष्णता हा पुढचा उपाय. पोलादाचा १४ मिलिमीटर व्यास ३०० अंश सेल्सिअसने तापवल्यास सुमारे ०.०५ मिलिमीटरने वाढतो. ही वाढ दिसायला क्षुल्लक असली, तरी गंजाची पकड मोडायला पुरेशी असते. तथापि बोल्ट न तापवता त्याच्याभोवतीचा नट तापवावा. तापलेल्या बोल्टची कठीणता कमी होते, म्हणून असा बोल्ट पुन्हा वापरू नये.

नट फिरू लागल्यावर

येथून पुढे तीन मार्ग उरतात. पहिला सर्वांत कमी तोडफोडीचा. पेटीला आधीपासून एखादे भोक असल्यास त्यातून पाना किंवा छिन्नी घालून नट अडवावा आणि डोक्याखाली टॉमीने ओढ देत बोल्ट फिरवावा. ओढीमुळे नट पेटीच्या भिंतीला टेकतो आणि काही वेळा तेवढ्या घर्षणानेच थांबतो.

दुसरा मार्ग खिडकीचा. नटाच्या समोरील पत्रा तीन बाजूंनी कापून झडपेसारखा वाकवावा, आत पाना लावून नट धरावा आणि बोल्ट काढावा. जाड पट्टीवर वेल्ड केलेला नवा नट आत बसवून पट्टी पक्की करावी, झडप मिटवून वेल्ड करावी. खिडकीचे कोपरे गोलाकार ठेवावेत. टोकदार कोपऱ्यातून तडा सुरू होतो. पेटीच्या दुमडीवर किंवा मूळ जोडावर काप घेऊ नये. नव्या गाड्यांतील उच्च शक्तीचे पोलाद वेल्डिंगच्या उष्णतेने दुबळे होते. तेथे उत्पादकाच्या दुरुस्तीपुस्तिकेचा आधार घ्यावा, अन्यथा सुटी होणारी सबफ्रेम बदलणे श्रेयस्कर.

तिसरा मार्ग कापण्याचा. दांडा नळीत पुरता चिकटला असेल, तर नट हाती लागूनही बोल्ट निघत नाही. अशा वेळी बुश आणि ब्रॅकेट यांच्या फटीतून करवतीचे पाते घालून बोल्ट दोन्ही बाजूंनी कापावा. आर्म खाली येतो, बुश मात्र वाया जाते. म्हणून नवे बुश आधीच आणून ठेवावे. नटासह उरलेला तुकडा चुंबकाने बाहेर काढावा, नाहीतर तो पेटीत खडखडत राहतो.

कापलेल्या जागी बुशची नळी थेट ब्रॅकेटला वेल्ड करून 'काम चालवणे' हा उपाय सर्वथा त्याज्य आहे. कधीतरी भर वेगात तो जोड तुटू शकतो.

पुन्हा बसवताना

नवा बोल्ट मूळच्याच मापाचा, आट्यांचा आणि प्रतीचा असावा. डोक्यावरील आकडे दुर्लक्षू नयेत. १०.९ म्हणजे सुमारे १००० मेगापास्कल ताणशक्ती, तर ८.८ म्हणजे सुमारे ८००. बाजारातील साधा बोल्ट 'बसतो' म्हणून चालत नाही. दांड्याच्या गुळगुळीत भागाला गंजरोधक ग्रीसचा पातळ हात द्यावा. आट्यांना ते लावल्यास पुस्तिकेतील आवळण्याचे माप लागू राहत नाही. बोल्टचा अखेरचा आवळा गाडी स्वतःच्या वजनावर, नेहमीच्या उंचीला असतानाच द्यावा. चाके लोंबकळत असताना आवळल्यास बुशचे रबर कायम पिळलेले राहून लवकर फाटते. वेल्डिंगच्या जागी जस्ताचा प्रायमर, रंग आणि पेटीत मेणाचा फवारा आवश्यक आहे. त्यानंतर व्हील अलाइनमेंट करून घ्यावी आणि शंभरएक किलोमीटर चालवल्यावर बोल्टची घट्टता पुन्हा तपासावी.

पावसाळा संपताच आणि उसाच्या रस्त्यावरून फेऱ्या झाल्यावर गाडीचे पोट पाण्याने स्वच्छ धुवावे, पेटीची पाणी निघण्याची भोके मोकळी ठेवावीत. दुरुस्तीला गाडी देताना मालकाने कारागिराला पुरेसा वेळ द्यावा आणि जुना बोल्ट पाहायला मागावा. तो गंजून बारीक झाला असेल, तर दुसऱ्या बाजूचाही बोल्ट त्याच वेळी बदलणे शहाणपणाचे. दोन्ही बाजूंनी सारखेच पाणी आणि सारखाच चिखल सोसलेला असतो.